फॅमिली ग्रुप: २७ डिसेंबरचं काय?

मोठी आत्या: शुभ सकाळ सगळ्यांना. २७ डिसेंबरला सगळ्यांनी जमायचं हे जूनमध्येच ठरलं होतं. काल कळलं की छोटी १९ला जर्मनीला निघतेय, ती ९ जानेवारीला परत. मला कोणी सांगितलंही नाही. असो.

आई: वन्सं, व्हिसाची अपॉइंटमेंटच परवा मिळाली. नक्की नसताना काय सांगणार होते?

मोठे काका: अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही नोव्हेंबरात जागे झालात. विमा काढला का? शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

धाकटे काका: शाळेत असताना दहा महिने राहिली त्या जर्मन कुटुंबाकडे, ते ठीक. शाळेचं स्टुडंट एक्स्चेंजच होतं. आता कमावती मुलगी लोकांच्या घरी तीन आठवडे? पाहुण्यानं किती राहावं याला काही माप असतं.

छोटी: काका, मी तिथे पाहुणी नाही. २०१८च्या ऑगस्टात गेल्या गेल्या त्यांनी घराची किल्ली हातात दिली. निघताना परत करायला गेले तर घेतली नाही. अजून माझ्या कपाटात आहे.

दादा: तिथली किल्ली आठ वर्षं सांभाळली, इथली दर महिन्याला हरवते 😀

मोठी आत्या: विषय हसण्यावारी नेऊ नका.

धाकटे काका: आणि २७च्या हॉलचे पैसे मी भरून बसलोय, तेही आठवू दे.

बाबा: माझा वाटा ऑगस्टमध्येच दिलाय. हे ग्रुपवर नको.

धाकटे काका: मी कोणाचं नाव घेतलं नाही.

मोठे काका: विम्याचं उत्तर आलं नाही.

मोठी आत्या: त्या लोकांना म्हणे खर्चाचं हमीपत्रही भरावं लागतं. परक्या माणसांना इतकं भिडेत घालू नये.

छोटी: हमीपत्र मागितलेलंच नाही. ते त्यांना तिथल्या कचेरीत जाऊन सही करून द्यावं लागतं आणि मग माझ्या खर्चाला कायद्यानं ते बांधील. ते मलाच नको होतं. माझ्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि रजेचं पत्र जोडतेय. त्यांचं फक्त साधं निमंत्रणपत्र.

आत्या, बाकीचं तुला फोनवर सांगणार होते. तिथले बाबा मार्चमध्ये गेले.

मोठी आत्या: कोण? तुझं मनगट मोडलं तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसले होते ते?

छोटी: हो, तेच. मी बर्फावर घसरले होते तेव्हा. घरी कोणी उचलेना म्हणून पहाटे तुला फोन त्यांनीच लावला होता.

मोठी आत्या: आधी जर्मन बोलले, मग इंग्रजी, मग नुसतं ओके, ओके. मला एवढंच कळलं की पोर ठीक आहे. मार्चपासून मला कोणी सांगितलं नाही हे.

आई: चुकलं आमचं.

छोटी: त्यांच्या गावी, ल्यूबेकला, डिसेंबरात साडेआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. तिथे २४ची संध्याकाळ मुख्य, भेटवस्तू तेव्हाच उघडतात. झाडाला खऱ्या मेणबत्त्या ते स्वतः लावायचे, शेजारी पाण्याची बादली ठेवून. तिथल्या आईनं लिहिलं की यंदा झाड आणणार नाही. मुलाची ड्यूटी आहे, तो २७ला रात्री पोचणार. २४ला दुपारी दुकानं बंद होतात, २५-२६ सुट्टी, २७ रविवार. सगळं उघडणार थेट सोमवारी. एवढे दिवस ती त्या घरात एकटी. मी कळवलं, मी येते, झाड आपण आणू.

दादा: मेणबत्त्या तू लावणार?

छोटी: हो. बादली भरून ठेवायचं काम तेव्हा माझंच असायचं. आता दोन्ही करीन.

धाकटे काका: हे आधी सांगितलं असतं तर मी बोललोच नसतो. पण २७ला मुलगीच नसेल तर जमायचं कशाला?

मोठी आत्या: १७ जानेवारी रविवार आहे.

धाकटे काका: ताई, हॉलचे पैसे!

बाबा: तारीख बदलायचे जे काही होतील ते मी देतो.

धाकटे काका: पैशाचं नव्हतं माझं. ठीक आहे, बहुमत असेल ते.

मोठी आत्या: छोटे, तिच्यासाठी काही करून देऊ का?

छोटी: दुधाचे, मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. खवा नको. तिला चहाचा मसाला आवडतो, कोरडाच.

मोठी आत्या: दोन डबे देते. तिथे २४ला संध्याकाळचे सात म्हणजे इथे किती?

छोटी: साडेअकरा.

मोठी आत्या: व्हिडिओ लाव. मी जागी आहे.

मोठे काका: विमा?

छोटी: काढला काका, पूर्ण मुक्कामाचा. पॉलिसी पाठवते.

मोठे काका: पाठव. वाचून सांगतो.

धाकटे काका: हॉलवाल्याशी बोललो. १७ संध्याकाळी मोकळी आहे, सकाळी नाही. चालेल का ते सगळ्यांनी आजच कळवा.