गुडघ्यावर टेकलेली हनुवटी

कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिले की दिवसभराचा शीण उतरतो, हे आपले म्हणणे मला निव्वळ भाबडे वाटत नाही. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही लघवीतील ऑक्सिटोसिनचे, म्हणजे जिव्हाळ्याशी निगडित असलेल्या संप्रेरकाचे, प्रमाण वाढते. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे आढळले नाही. आमची गावठी कुत्री (नाव तांबडी, स्वभावही साधारण तसाच) यातले अर्थातच काही जाणत नाही. सकाळी मी चहा-पाव घेऊन ओट्यावर बसलो की ती माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवते आणि पावाचा शेवटचा कोरडा तुकडा आपलाच आहे, या खात्रीने पापणीही न लववता माझ्याकडे पाहत राहते.