मेल सर्व्हरची सेटिंग्ज तिन्ही महाविद्यालयांना एकच असावीत का? (तिन्ही ठिकाणचे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांची चर्चा; बोलणाऱ्याच्या जागी गावाचे नाव आहे.)

दारव्हा: आपल्या संस्थेच्या दारव्हा, दिग्रस आणि पुसद येथील महाविद्यालयांत पोस्टफिक्सचे (मेलची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) स्वतंत्र सर्व्हर आहेत. माझ्या मते तिघांची ‘मेन.सीएफ’ ही पोस्टफिक्सच्या सेटिंग्जची मुख्य फाइल एकच असावी आणि बदल यवतमाळच्या मुख्य कार्यालयातूनच व्हावेत. आज संदेशाच्या आकाराची मर्यादा फक्त पुसदला वाढवलेली आहे, इतरत्र मूळचीच १,०२,४०,००० बाइट आहे. परीक्षा विभागाची आठ एमबीची पीडीएफ बेस६४ मध्ये, म्हणजे मेलमधून फाइल पाठवण्यासाठीच्या अक्षररूपात, गेली की एक तृतीयांशाहून थोडी अधिक फुगते. त्यामुळे तीच मेल पुसदला पोचते आणि दिग्रसहून परत येते. प्राचार्य मग दोष आपल्याला देतात.

दिग्रस: सर, आकाराच्या मर्यादेपुरते मान्य, पण अख्खी फाइल एक करण्यास माझा विरोध आहे. ‘मायहोस्टनेम’, म्हणजे सर्व्हरने स्वतःचे सांगायचे नाव, सर्वत्र एकच गेले, तर सर्व्हर सांगतो ते नाव आणि आयपीच्या उलट नोंदीतले (आयपी पत्त्यावरून शोधल्यास मिळणारे) नाव जुळणार नाही, आणि मोठे सर्व्हर अशा मेलकडे संशयाने पाहतात. दुसरे असे की, न पोचलेली मेल लवकर परत यावी म्हणून रांगेची मुदत (अशी मेल किती दिवस पुन्हा पाठवून पाहायची ती) पाच दिवसांवरून एका दिवसावर आणण्याचे यवतमाळला चालले आहे. तिथे ते ठीक असेल. आमच्याकडे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की दोन-दोन दिवस जोडणी नसते, आणि तेवढ्यात बाहेर जाणारी सगळी पत्रे पाठवणाऱ्याकडे परत येतील.

दारव्हा: मेन.सीएफमध्ये दुसरी फाइल जोडून घेण्याची सोय नाही, हीच खरी अडचण आहे. पण एकच सेटिंग दोनदा लिहिले तर शेवटचे लागू होते. म्हणून सामायिक भाग वर, स्थानिक भाग खाली, आणि दोन्ही जोडून फाइल तयार करावी.

पुसद: त्याने पोस्टफिक्स दरवेळी ‘आधीची नोंद बदलली’ अशी सूचना देत राहील, आणि अशा सूचनांच्या गर्दीत कामाची सूचना कोणी वाचत नाही. जे स्थानिक आहे ते सामायिक भागात मुळीच नसावे. विशेषतः ‘मायनेटवर्क्स’, म्हणजे ज्यांची मेल बिनदिक्कत पुढे पाठवायची त्या आयपी पत्त्यांची यादी: त्यात कोणी चुकून पत्त्यांचा मोठा पट्टा टाकला, तर तिन्ही सर्व्हर एकाच दिवशी परक्यांची मेल पुढे पाठवू लागतील.

दिग्रस: पुसदच्या मांडणीला माझी हरकत नाही, मात्र रांगेची मुदत स्थानिक भागातच राहील. यवतमाळला ती सामायिक हवी असेल, तर त्यांनी आधी पावसाळ्यात इथे येऊन रांगेत अडकलेली मेल दाखवणारी ‘पोस्टक्यू -पी’ ही आज्ञा चालवून पाहावी.