सांगलीत भाडं कमी करून घ्यायचंय, मालकांशी बोलायचं कसं?

बदलीवाला: नमस्कार मंडळी, बदली होऊन सांगलीला येतोय, मी बायको आणि लहान मुलगी. विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके बघितलाय, मालक भाडं ११ हजार आणि डिपॉझिट ५० हजार म्हणतात. गावभागात तळमजला ८ हजारात मिळतोय पण पुराचं ऐकून बायको नको म्हणते. विश्रामबागचं साडेनऊपर्यंत यावं असं वाटतंय पण मालक रिटायर्ड मास्तर, पैशाचा विषय काढला की बघू बघू म्हणून चहा मागवतात, काय करावं?

मिरजकर: चहा मागवतायत म्हणजे तुम्ही पसंत पडलाय ओ 😄 तिकडं वालचंद आणि विलिंग्डन कॉलेज जवळ, पोरांना दिलं तर माणशी हिशोब करून जास्त सुटतात, तरी ते फॅमिली शोधतायत कारण रात्रीचा दंगा नको असतो. तेच धरून बोला, पगारी नोकरी आहे, तीन वर्षं हलत नाही. ९ म्हणा, दहाच्या आत तुटेल. आणि ब्रोकरला मधे घालू नका, त्याची दलाली भाड्यावर असते, तो कशाला कमी करंल?

कृष्णाकाठ: गावभागातलं स्वस्त का आहे ते भिंतीवरच्या डागावरून कळतंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट धोका पातळी, २०१९ च्या ऑगस्टमधी ५७ च्या वर गेलंवतं. आमचं फ्रीज, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं गेलं आणि मालकानं त्या महिन्याचं भाडं पण मागितलं. घ्यायचंच असंल तर पाणी आलं की तेवढ्या दिवसांचं भाडं नाही असं करारात लिहून घ्या, तोंडी नको. वहिनी बरोबर बोलतायत पण.

स्वातीताई: नुसत्या भाड्याच्या आकड्यावर अडून बसू नका. आमचे मालक पाचशे सोडेनात पण डिपॉझिट निम्मं केलं आणि दोन वर्षं वाढ नाही हे कबूल केलं, नाहीतर ११ महिने झाले की दहा टक्के वाढ ठरलेलीच. लाईटचा मीटर वेगळा आहे का बघा, सबमीटर असेल तर युनिटला किती लावणार ते आधीच विचारा. उन्हाळ्यात बोअर आटते का हे मालकांना नाही, खालच्या भाडेकरूला विचारा.

साधा_माणूस: करार रजिस्टर करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार, स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे ११ महिन्यांच्या कराराची तुमची तीनशेच्या आसपास. खर्च निम्मा निम्मा ठरवा. नुसत्या नोटरीवर भागवू म्हणाले तर ऐकू नका.

बदलीवाला: धन्यवाद सगळ्यांना. काल परत गेलो, १० हजार आणि डिपॉझिट ३० वर आले, वाढ दुसऱ्या वर्षानंतर. साडेनऊ म्हटलं तर काकूच आतून बाहेर आल्या, मग गप्प बसलो 🙏 रंगाचं विचारायचं राहिलं, तो मालक करून देतात का आपणच करायचा?

मिरजकर: किल्ली घ्यायच्या आधी विचारा, नंतर कोण देत नाही.