मदत हवी आहे: औषधाच्या अ‍ॅलर्जीची पॅच टेस्ट बडोद्यात कुठे होते?

नमस्कार. आम्ही दांडिया बाजारात राहतो. आईला (वय 63, डायबेटिस आहे) जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी दिली होती. दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटावर रुपयाएवढा लालसर-जांभळा गोल चट्टा उठला, ओठाच्या कडेलाही एक. नुसती आग आग होत होती. आता तिथे काळपट डाग उरलाय. गेल्या वर्षी याच गोळीनंतर मनगटावर अगदी त्याच जागी चट्टा आला होता. तेव्हा किडा चावला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं, ते आता फार मनाला लागतंय.

त्वचेच्या डॉक्टरांनी फिक्स्ड ड्रग इरप्शन (ठरावीक औषध घेतलं की दर वेळी त्याच जागी चट्टा उठणं) सांगितलं. गोळी बंद केली, स्ट्रिप आणि फोटो जपून ठेवलेत, औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी हेल्पलाइनवर (1800-180-3024) नोंदही केली. ताप, तोंडात फोड, कातडी सुटणं असलं काही नव्हतं.

अडचण अशी की गोळीत औषधं दोन, दोषी कुठलं ते कळत नाही. पुढच्या महिन्यात आईची दाढ काढायची आहे आणि तिथे बहुधा मेट्रोनिडाझोल देतील, जे ऑर्निडाझोलच्याच गटातलं. गोळी पुन्हा देऊन बघायची आमची अजिबात तयारी नाही. जुन्या डागावरच औषधाची पट्टी (पॅच) लावून तपासतात असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्याकडे सोय नाही. अहमदाबादपर्यंत नेऊ शकतो, मुंबई जमणार नाही.

सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात किंवा अहमदाबादेत कुणी ही टेस्ट करून घेतली आहे का? चट्टा बसल्यावर किती दिवसांनी बोलावलं होतं?