मदत हवी आहे: अण्णांचा जुना पाम टीएक्स (हातात मावणारा छोटा संगणक) वाय-फायला जोडायचा आहे

नमस्कार मंडळी. आम्ही औशाचे. अण्णांच्या २००५ सालच्या मॉडेलच्या पाम टीएक्समध्ये विहिरीच्या पाण्याच्या आणि पेरणीच्या नोंदी आहेत. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातल्याही. त्या जपायच्याच आहेत.

याचं वाय-फाय ८०२.११बी या जुन्या प्रकारचं, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ. नव्या राउटरवर तो बँड चालू आहे, तरी यादीत आमचं नेटवर्क येत नाही. शेजारच्यांचं जुनं मात्र दिसतं. राउटर ‘फक्त एन’ मोडवर (म्हणजे जुन्या ‘बी’ यंत्रांना न घेणाऱ्या) असल्यानं असं होत असेल का? की त्यानं याला न दिसणारा चॅनल १२-१३ धरला असेल? मग १, ६ किंवा ११ ठरवून द्यावा म्हणतो. पामला लागणाऱ्या जुन्या प्रकारच्या सुरक्षेसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवीन, घरचं मुख्य नेटवर्क कमकुवत करायचं नाही.

ब्लूटूथनं लॅपटॉपशी पेअर होतो. कनेक्शनमध्ये ‘पीसी’ आणि ‘ब्लूटूथ’ निवडलंय, पण हॉटसिंक (पाममधल्या नोंदी लॅपटॉपशी जुळवून घेणं) सुरूच होत नाही. लॅपटॉपवर कोणता कॉम पोर्ट (ब्लूटूथ जोडणीचा मार्ग) द्यायचा, येणारा की जाणारा? ज्यांनी स्वतः हे जमवलंय त्यांनी कृपया सेटिंग सविस्तर लिहा. लातूर-धाराशिवकडं कुणी जाणकार असेल तर यंत्र घेऊन मी स्वतः येतो.