मदत हवी आहे: बालाघाटातल्या एकवयी लागवडीत जंगलाचे थर कसे आणायचे?

बरडमाळ
बीड जिल्ह्यात गावच्या गायरानात, मुरमाड उतारावर गिरीपुष्प आणि कडुनिंबाची एकाच वर्षी केलेली लागवड आहे. झाडं अडीच मीटर अंतरानं, सगळी ६ मीटरच्या आसपास. वर सावली दाट, तरी पावसात माती वाहतेच. पक्षीही कमी. ग्रामसभेपुढे ठेवता येईल अशी मोजणी कशी करू? आणि पुढं काय करू?

सालई
माती वाहण्याचं कारण रचनेतच आहे. पानांवर थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि ६ मीटरवरून पडताना पुन्हा जोर धरतात. तो जोर झुडूप, गवत, पालापाचोळा मोडतात. तुमच्याकडे तेच नाहीत. सातभाईला पाचोळा लागतो, बुलबुलला झुडूप, सुतारपक्ष्याला वाळलेलं खोड.

मोजणीसाठी २० × २० मीटरचे चौकोन जागाभर विखरून घ्या, कडेचे नकोत. उतारावर टेप आडवा ताणा. जमिनीला लावून धरला तर चौकोन लहान पडतो. खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर. त्याच्या खालीच फाटे असतील (गिरीपुष्पात हमखास) तर प्रत्येक फाटा वेगळा मोजा. आत ५ × ५ मध्ये झुडपं-रोपं, १ × १ मध्ये गवत. हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच करा, पानगळीत सावलीचा अंदाज चुकतो.

घेरांचे १० सेंमीचे गट पाडून शॅनन निर्देशांक (झाडांच्या आकारात किती विविधता आहे ते सांगणारा आकडा) काढा: प्रत्येक गटाचा वाटा गुणिले त्याच वाट्याचा नैसर्गिक लॉग, सगळ्यांची बेरीज, चिन्ह उलटं. सगळी झाडं एकाच गटात असतील तर शून्य, चार गटांत सारखी असतील तर १.३९. मात्र या आकड्यात थर आणि वाळलेली झाडं येत नाहीत. ती वेगळी नोंदवा.

धावडा
भाऊ, कुऱ्हाड लावण्याआधी ग्रामपंचायतीचा ठराव आणि वनखात्याची लेखी परवानगी घ्या.

मग खाली ऊन पोचावं म्हणून झाडाच्या उंचीएवढ्या, ६ ते ८ मीटर रुंदीच्या मोकळ्या जागा करा. जास्त रुंद केल्या की मुरूम तापतो आणि घाणेरीचं झुडूप (लँटाना) शिरतं. घाणेरी दिसली तर फळं धरायच्या आत मुळासकट काढा, बी पक्षी पसरवतात. गिरीपुष्प तोडलं की भराभर फुटतं, म्हणून फुटवे पावसाळ्यात पुन्हा पुन्हा छाटावे लागतात.

या जागांत अंजनाचं बी थेट पेरा, रोप उपटून लावलं की सोटमूळ दुखावतं. सालईच्या जाड फांद्या रोवल्या तरी मूळ धरतात. धावड्याचं बी फार कमी उगवतं, त्याच्यावर भिस्त नको. खाली करवंद, बोर आणि तरवड. तरवडाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. बाकीच्यांना बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि चराईबंदी हवीच. गवत कापून नेऊ द्या.

सगळ्या जागा एकाच वर्षी उघडू नका. तसं केलं तर नवी पिढीही एकवयीच होईल.

बरडमाळ
वाळलेली झाडं लोक सरपणाला नेतात. त्याचं काय?

सालई
छाटलेलं गिरीपुष्प सरपणाला द्या आणि त्या बदल्यात वाळलेली झाडं उभी ठेवायचं ठरावातच लिहून घ्या. वाटेलगतची धोक्याची तेवढी काढा.