बाप्तिस्म्याची इच्छा होती, पण त्याआधीच मृत्यू आला, तारणाचे काय? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीने अखेरची दोन वर्षे प्रभू येशूवर मनापासून विश्वास ठेवला होता. तिच्या बाप्तिस्म्याचा दिवस आजारपणामुळे दोनदा पुढे गेला, त्यातही दुसऱ्यांदा माझ्याच सांगण्यावरून, आणि तिसरी तारीख उजाडण्यापूर्वीच ती गेली. दफनविधीनंतर मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मार्क 16:16 दाखवून सांगितले, की बाप्तिस्म्यावाचून तारण नाही. त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता, तरी तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

त्या वचनाच्या उत्तरार्धात शिक्षेचे कारण म्हणून केवळ अविश्वास सांगितला आहे, बाप्तिस्मा न घेणे नव्हे. मार्कच्या शुभवर्तमानाचा 16:9 पासूनचा शेवट सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही, हेही मला समजले. तथापि तेवढ्यावर प्रश्न झटकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण योहान 3:5 मध्ये प्रभू निकदेम या यहूदी पुढाऱ्याला पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मण्याविषयी सांगतो आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:21) तर बाप्तिस्मा तुम्हांला तारतो असे सरळ म्हटले आहे, जरी तिथेच शरीराचा मळ धुणे म्हणजे बाप्तिस्मा नव्हे असा खुलासाही आहे. बाप्तिस्मा न घेताच ज्याला येशूने सुखलोकाचे वचन दिले, त्या वधस्तंभावरील चोराचे उदाहरण पुष्कळ जण देतात, परंतु बाप्तिस्म्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची (मत्तय 28:19) असल्याने ते उदाहरण मला पुरत नाही. मी अधिक अडखळतो तो कर्नेल्य या रोमी शताधिपतीपाशी (प्रेषितांची कृत्ये 10). त्याच्यावर व त्याच्या घरच्यांवर पवित्र आत्मा बाप्तिस्म्याआधीच उतरला, मग पाण्याची गरज उरली नाही असे पेत्राने म्हणायला हवे होते. त्याने उलट लगेच बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली.

ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता पण घेता आला नाही, त्याच्याविषयी आपल्या मंडळीची शिकवण काय आहे? केवळ माझे सांत्वन व्हावे म्हणून कृपया काही लिहू नये.

प्रतिसाद 1

मी कॅथलिक आहे. आपला प्रश्न फार जुना आहे. इ.स. 392 मध्ये रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याविना मरण पावला. त्याने तो मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्याकडे मागितला होता. त्याच्या शोक करणाऱ्या बहिणींना अँब्रोज यांनी अंत्यविधीच्या प्रवचनात समजावले, की त्याने जी कृपा मागितली ती त्याला मिळाली आहे. पुढे 1547 मध्ये कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने, बाप्तिस्मा ऐच्छिक आहे असे म्हणणाऱ्यांचा कठोर निषेध केला, म्हणजे आमच्याकडे त्याची गरज कोणी सौम्य केलेली नाही. तरीही आजची आमची अधिकृत धर्मशिक्षा (कॅटेकिझम, परिच्छेद 1257) सांगते, की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. आणि बाप्तिस्म्याची तयारी करत असताना मरण पावलेल्यांची स्पष्ट इच्छा, पापांचा पश्चात्ताप आणि प्रीती यांमुळे त्यांच्या तारणाची खात्री परिच्छेद 1259 देतो. आपल्या बहिणीचे वर्णन मला नेमके हेच वाटते.

प्रतिसाद 2

प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत (1646) बाप्तिस्म्याचा अवमान वा हेळसांड करणे हे मोठे पाप म्हटले आहे. मात्र त्याच्याविना कोणाचेच तारण होऊ शकत नाही, इतके तारण त्याला जखडलेले नाही, असेही त्याच वाक्यात आहे. आपल्या बहिणीने हेळसांड केली नाही. कर्नेल्याबद्दल माझे मत असे, की पेत्राने पाण्याने त्याला तारले नाही. देवाने ज्याला आधीच स्वीकारले होते, त्याला मंडळीबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याने ओळखले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'हेळसांड' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण ती तिची नव्हती, घाई न करण्याचा सल्ला माझा होता. आमच्या मंडळीत पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देतात, म्हणून तिच्या अंगात बळ येईपर्यंत थांबावे असे मी म्हटले होते. 'डिडाखे' या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लेखात, पुरेसे पाणी नसल्यास मस्तकावर तीनदा पाणी ओतावे असे सांगितल्याचे मी आज वाचले. मंडळीत आणखी एक वृद्ध गृहस्थ अंथरुणावरून बाप्तिस्म्याची वाट पाहत आहेत. मी उद्याच पाळकांची भेट घेऊन त्यांच्याविषयी बोलणार आहे. खाटेवर पाणी ओतून दिलेला बाप्तिस्मा आपल्यापैकी कोणाच्या मंडळीत मान्य असेल, तर तो कसा देतात हे कृपया आज रात्रीपर्यंत कळवावे.